फक्त एक कुत्रंच तर काढायचंय!

"तुला काय, बसल्या बसल्या होऊन जातं." गेल्या पंधरा दिवसांत हे वाक्य मी सात जणांकडून ऐकलं. आज आठव्याने ऐकवलं, म्हणून लिहायला बसले. चित्र नाही होत हो बसल्या बसल्या!

रावेरच्या मामांची एकसष्टी होती. त्यांच्या केळीच्या मळ्यात अकरा वर्षं एक कुत्रा होता. काळा कुळकुळीत, छातीवर तेवढा एक पांढरा ठिपका, म्हणून नाव टिप्या. विहिरीच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी झोपायचा. रात्री दोनला लाइट आली की मामांच्या आधी हा उठून उभा. दिवाळीच्या सुमारास गेला. मामा कुणाजवळ काही बोलले नाहीत, पण मळ्यात दुसरं कुत्रं आणू दिलं नाही. तेव्हाच मी ठरवलं, एकसष्टीला शाल-श्रीफळ नको, टिप्याचं चित्र द्यायचं. माझ्या हाताने काढलेलं.

फोटो किती? एक. मामींच्या मोबाइलवरचा, कुणीतरी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर फिरवलेला. केस न् केस पुसला जाऊन नुसता काळा डाग उरलेला. त्यात फ्लॅश मारलेला, म्हणून डोळे हिरवेगार. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला चकाकणारा पडदा असतो, त्यावर फ्लॅश आपटला की असंच दिसतं. टिप्याचे डोळे गुळाच्या पाकासारखे होते, हे मला माहीत होतं म्हणून वाचले.

आणि कान! भांडणात त्याचा एक कान अर्धा फाटला होता. मामी म्हणाल्या डावा. मळ्यातला सालदार गडी म्हणाला उजवा. फोटोत डावा दिसत होता. मी फोटो मोठा करून करून बघितला, तेव्हा मागे मोटारीच्या खोलीवर रंगवलेला नंबर दिसला. उलटा, आरशात दिसतो तसा. म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो, डाव्याचं उजवं झालेलं. सालदार बरोबर होता. एका कानापायी दोन रात्री गेल्या माझ्या. पण चुकीचा कान काढला असता तर मामांनी तोंडाने काही म्हटलं नसतं, आणि ते चित्र टिप्याचं राहिलं नसतं.

काळ्या कुत्र्याला ट्यूबमधला काळा रंग फासला की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र करून काळा बनवावा लागतो. पाठीवर आभाळाचा उजेड पडतो तिथे निळा चढता, पोटाखाली मातीची झाक येते तिथे तपकिरी चढता. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, कोरा कागदच राखायचा. डोळ्यातला तो मोहरीएवढा चमकता ठिपका आणि छातीवरचा ठिपका, दोन्ही मी शेवटपर्यंत जीव मुठीत धरून राखले. पहिल्या कागदावर ओघळ गेला आणि डोळाच गेला. ३०० जीएसएमचा जाडजूड कॉटनचा कागद, सरळ बाजूला. पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं मे महिन्यात, जळगावात. पारा ४४ च्या वर. कागदावर पाण्याचा एक हात फिरवेपर्यंत सुरुवातीची कड वाळून रेघ धरते. कूलर लावावा तर कागद सर्द. नोकरी सांभाळून पहाटे चार ते सहा, एवढाच वेळ रंगांना चालायचा. तेवीस पहाटा गेल्या माझ्या. तेवीस!

एकसष्टीला वरण-बट्टीच्या पंगती उठल्यावर मामांनी भेटीवर गुंडाळलेला कागद फाडला. बराच वेळ बघत राहिले. मग काचेवरून त्या फाटक्या कानावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "उजवाच होता."

मला तेवढं पुरे होतं. पण शेजारी उभे असलेले एक पाहुणे लगेच, "हे आता मोबाइलात होतं. फोटो टाकला की पेंटिंग निघते, फुकट." मामांच्या तोंडावर! माणूस बोट फिरवतोय, आणि तुम्हाला फुकट सुचतं?

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. "आमच्या मांजरीचं काढून दे ना वं ताई, फक्त तोंडच काढ." फक्त तोंड! अरे, तोंडच तर सगळं असतं. एकाने लॅब्राडोरचा फोटो पाठवला, उभ्याने वरून काढलेला, डोकं हंड्याएवढं आणि पाय काडीसारखे, खाली लिहिलेलं, "परवा बर्थडे आहे, जमव." एक आत्या म्हणाल्या, पाचशे देते, फ्रेमसकट. नुसती फ्रेमच मला आठशेला पडली होती.

अजिंठा आपल्याला तासा-दीड तासावर. तिथली भिंतीवरची चित्रं रंगवून उतरवायला १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला नेमलं, त्यात त्याची वर्षांमागून वर्षं गेली. भुसावळला त्याची कबर आहे. शाळेच्या सहलीत हे ऐकून आलेली आपलीच माणसं मला म्हणतात, दहा मिनिटांचं काम!

यांनाच शाळेत माझी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची ग्रेड हवी होती, कारण दहावीला वाढीव मार्क मिळतात. मार्क मिळाले, आणि "आता ते रंग माळ्यावर टाक" हेही यांनीच सांगितलं. आता फुकट भेट पाहिजे म्हटल्यावर माझा हात सोन्याचा झाला.

काल मी मांजरीवाल्यांना स्पष्ट नाही म्हणाले. तासाभरात आईला फोन, "पोरीला लय गर्व आला तुमच्या." आणि आई मला म्हणते, "काढून टाक ना, काय जातं तुझं?"

आई, तू पहाटे चारला चहा करून द्यायचीस मला. तू तरी असं म्हणू नकोस. मामांना दिलं ते माझ्या मनाने दिलं, कुणी मागितलं म्हणून नाही. त्या मांजरीचं चित्र मी काढणार नाही.