व्हेंडरला दिलं की विषय संपला म्हणे!

एक मेसेज फिरतोय सगळीकडे: ऑफिसचे जुने कॉम्प्युटर काढताना स्टाफला हात लावू देऊ नका, माणूस म्हटला की चूक आलीच, त्यापेक्षा सगळे फॉरमॅट मारा, व्हेंडरला उचलायला सांगा, डेटा नष्ट केल्याचं सर्टिफिकेट फाईलला लावा, विषय संपला. वाचायला भारी आहे, पण जवळपास प्रत्येक वाक्यात घोळ आहे.

"फॉरमॅट मारा." अहो क्विक फॉरमॅटनं कुठली फाईल कुठे आहे ती यादी जाते, डेटा तिथेच असतो. साध्या हार्ड डिस्कला एकदा पूर्ण ओव्हरराईट केलं, म्हणजे जुन्या डेटावर दुसरं काही लिहिलं, तरी पुरतं, पण एसएसडीत (फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेल्या ड्राईव्हमध्ये) राखीव ब्लॉक असतात आणि ओव्हरराईट तिथवर पोचेलच असं नाही, म्हणून ड्राईव्हची स्वतःची सॅनिटाईझ (सगळं पुसायची) कमांड द्यायची, नाहीतर सरळ श्रेडरमध्ये घालून तुकडे. डीगॉसरचा, म्हणजे चुंबकानं डेटा पुसणाऱ्या यंत्राचा, एसएसडीवर काही उपयोग नाही, तरी लोक सगळे ड्राईव्ह त्यातून काढतात आणि "झालं" म्हणून टिक मारतात!

"व्हेंडरला दिलं की चूक टळते." का, व्हेंडरकडे माणसं नसतात? मॉर्गन स्टॅनली या अमेरिकन बँकेनं २०१६ मध्ये डेटा सेंटर बंद करताना काम दिलं ते सामान हलवणाऱ्या कंपनीला, जिला डेटा नष्ट करायचा काही अनुभवच नव्हता, आणि मग ग्राहकांची माहिती असलेली उपकरणं ऑनलाईन लिलावात विकली गेली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसीनं (तिथल्या शेअर बाजार नियामकानं) ३.५ कोटी डॉलर दंड ठोकला. दंड बँकेला, हे लक्षात घ्या.

"सर्टिफिकेट फाईलला लावा." त्यावर "४० नग हार्ड डिस्क" एवढंच लिहिलं असेल तर तो कागद रद्दीत घाला. खरी चूक पुसण्यात कमी आणि मोजण्यात जास्त होते. स्टिकर असतो कॅबिनेटवर आणि डेटा असतो आतल्या डिस्कमध्ये, मधे कधी कोणी डिस्क बदलली असेल तर रजिस्टरला पत्ताच नाही. काही लॅपटॉपमध्ये दोन ड्राईव्ह असतात, एक पुसला जातो, दुसरा तसाच जातो. झेरॉक्स मशीनच्या आतली डिस्क तर कोणाच्या यादीतच नसते. म्हणून प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर घ्या, तोही बारकोड स्कॅन करून, हातानं टाईप केला की 8 चा B होतो, आणि मग तीच यादी सर्टिफिकेटशी ओळ न् ओळ जुळवा.

राहिलं "स्टाफला हात लावू देऊ नका". उलट दोन माणसं लावा, पुसणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. पुसलेले आणि न पुसलेले ड्राईव्ह एकाच टेबलावर ठेवू नका, न पुसलेले कुलपात, कारण जेवायला उठून परत आल्यावर कुठला ढीग कुठला हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. आणि मशीन नवीन येतं त्याच दिवशी एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक रूपात ठेवायची सोय) चालू करा, म्हणजे एखादा नग निसटलाच तरी त्याची की (किल्ली) नसताना आतलं काही वाचता येत नाही. मॉर्गन स्टॅनलीच्या काही उपकरणांत ती सोय होती, वर्षानुवर्षं कोणी चालूच केली नव्हती.