मासे खातो म्हणून भुलीचा गॅस बाधणार नाही?

म्हापशापासून मडगावपर्यंत घरोघरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘लाफिंग गॅस निरुपद्रवी, दातांचे डॉक्टर मुलांनाही देतात. नसांचा त्रास फक्त शाकाहाऱ्यांना. आपण गोंयकार मासे खाणारे. बी-12चा रिपोर्ट नॉर्मल असला की निर्धास्त राहा.’ हे वाचून कुणी पायाच्या मुंग्या अंगावर काढू नयेत, म्हणून हे लिहितोय.

दातांसाठी थोडा वेळ, ऑक्सिजनसोबत दिलेला हा गॅस (नायट्रस ऑक्साइड) निरोगी माणसाला सहसा बाधत नाही, हे खरं. पण पार्टीत फुग्यातून पुन्हा पुन्हा ओढलेला तोच गॅस वेगळी गोष्ट आहे. तरुण, धडधाकट मुलांचे पाय त्याने लुळे पडले आहेत.

माशांचं म्हणाल, तर बांगडा, तारले, तिसऱ्या यांत नसांना लागणारं बी-12 जीवनसत्त्व भरपूर असतं. पण ताटातलं बी-12 रक्तात उतरायला पोट आणि आतडं धड लागतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्राझोल, पोटाचं ऑपरेशन, उतारवय: यांत रोज हुमण खाऊनही ते कमी पडू शकतं. उलट श्रावणात महिनाभर मासे सोडल्याने काही बिघडत नाही, यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो.

सगळ्यात घातक आहे ते रिपोर्टचं. नायट्रस ऑक्साइड बी-12मधल्या कोबाल्टवरच घाला घालतो. जीवनसत्त्व रक्तात दिसतं, पण निकामी झालेलं असतं, आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजू लागतं. म्हणून अशा वेळी, बी-12 काम करेनासं झालं की रक्तात वाढणारे होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिडही तपासतात. आधीच कमतरता असेल, तर एका ऑपरेशनमध्ये या गॅसने दिलेली भूलही नसा बिघडायला पुरते. त्रास काही आठवड्यांनी सुरू होतो, त्यामुळे भुलीशी संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो. याला ‘वय झालं’ म्हणून सोडू नका.

अशा वेळी नुसती फोलिक ॲसिडची गोळीही घेऊ नका. रक्तक्षय सुधारलेला दिसतो, नसांची हानी मात्र चालूच राहते. गॅस बंद आणि बी-12ची इंजेक्शनं, हा उपचार. जितका उशीर, तितकं कमी भरून येतं.

ऑपरेशन ठरलं असेल, तर भूलतज्ज्ञांना चालू गोळ्या आणि पायाच्या मुंग्या आधीच सांगा. हा गॅस वगळूनही भूल देता येते.