ऑपरेटर धुण्यापूर्वी

आमच्या कारखान्यात एक स्वल्पविराम टाकायला चार जणांच्या सह्या लागतात. लिहिणाऱ्याची, तपासणाऱ्याची, क्यूएची (म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या खात्याची) आणि मंजुरी देणाऱ्याची. कारखाना औषधांचा, पीथमपूरला. गोळी कशी बनवायची इथपासून झाडू कुठे टांगायचा इथपर्यंत प्रत्येक गोष्टीची एसओपी, म्हणजे ठरलेली लेखी कार्यपद्धती, असते आणि ती इंग्रजीत लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. मी राहते इंदूरच्या रामबागेत, घरी बोलते मराठी, भाजी घेते हिंदीत आणि दिवसभर लिहिते अशा भाषेत, जी कंपनीच्या बसमध्ये कुणीच बोलत नाही.

मशीनच्या सफाईची एक जुनी एसओपी होती. तिच्यात वाक्य होतं, ‘बिफोर क्लीनिंग द ऑपरेटर मस्ट स्विच ऑफ द मशीन.’ कितीतरी वर्षं ते कुणाला खटकलं नाही. मग क्यूएला नवे साहेब आले, मूळचे सांगलीचे. त्यांनी ते वाचलं आणि मला बोलावून अगदी गंभीरपणे विचारलं, “मॅडम, ऑपरेटरला आपण कशानं धुतो? साबणानं की सॉल्व्हंटनं?”

‘क्लीनिंग’च्या पुढे कॉमा नाही, त्यामुळे वाचणारा न थांबता ‘ऑपरेटर’पर्यंत घसरत जातो आणि मनातल्या मनात त्याला आंघोळ घालून मोकळा होतो. पुढे ‘मस्ट’ दिसलं की दचकतो, परत मागे येतो, ऑपरेटरला कोरडा करून जागेवर उभा करतो आणि मग मशीन बंद करतो.

नियम तसा सोपा आहे. वाक्याच्या तोंडाशी ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘वेन’, ‘इफ’ असलं काही आलं आणि मुख्य वाक्य त्याच्या मागून येत असलं, तर मध्ये कॉमा. तोच तुकडा शेवटी नेला, तर सहसा कॉमाची गरज नाही. इथेच थांबले असते तर इंग्रज बरे. पण पुढे असंही आहे, की सुरुवातीचा तुकडा दोन-तीन शब्दांचाच असेल आणि गोंधळ होत नसेल, तर कॉमा ऐच्छिक. सरकारी असो की खासगी, कुठल्याही कचेरीत ‘ऐच्छिक’ इतकी भांडणं लावणारी दुसरी गोष्ट नाही. ‘इन मार्च’ या दोन शब्दांपुढे साहेब कॉमा टाकतात. रेग्युलेटरीच्या, म्हणजे सरकारी परवानग्या बघणाऱ्या खात्याच्या, मॅडम तो काढतात. दोघंही व्याकरणाने बरोबर, त्यामुळे तक्रार कुणाकडे न्यायची? तो कॉमा सध्या क्यूएच्या मजल्यावर असतो आणि लंचनंतर रेग्युलेटरीकडे नसतो.

त्यात कॉम्प्युटर. त्याला वाक्याच्या तोंडाशी ‘-इंग’वाला शब्द दिसला की तो लगेच खाली निळी रेघ ओढतो. ‘क्लीनिंग द ड्रम विथ हॉट वॉटर रिमूव्हज द स्टार्च.’ इथे ‘वॉटर’पर्यंतचा सगळा जथा हाच कर्ता आहे, त्याच्यापुढे कॉमा घातला तर कर्त्याची आणि क्रियापदाची ताटातूट होते. पण हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? उलट आमच्या एका ट्रेनी मुलाने उशिरा येण्याचं कारण लिहून दिलं, ‘आफ्टर ईटिंग पोहे, द बस केम.’ कॉमा अचूक जागी, त्यामुळे रेघ नाही. बसने पोहे खाल्ले याबद्दल कॉम्प्युटरला काहीही म्हणायचं नव्हतं. इंदूरचीच बस, खाल्लेही असतील, सोबत जिलबी.

मराठीत हा प्रश्न आला नसता. ‘सफाईपूर्वी ऑपरेटरने मशीन बंद करावे.’ ‘पूर्वी’ सफाईला चिकटलेलं, ‘ने’ ऑपरेटरला चिकटलेला. ऑपरेटरला धुवायचं तर आधी त्याला ‘ला’ लावावा लागेल, तो असा वाटेवर सापडून भिजणार नाही. जेव्हा म्हटलं की तेव्हा येतं, जर म्हटलं की तर येतो. इंग्रजीकडे हे प्रत्यय नाहीत, ‘देन’ बहुधा गिळलेला असतो, म्हणून सगळा भार त्या शेपटीवाल्या टिंबावर. थोडी कीवच येते.

अर्थात आमच्याकडे संकट वेगळं. सासूबाईंचं वाक्य सुरू होतं ते असं: “अगं ती आपली नारायण बागेतली, जिच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांना लाइट गेले होते, जिचा दीर महूला मिलिटरीत होता, धाकटा नव्हे गं, थोरला, ज्याने नंतर देवासला घर बांधलं...” इंग्रजी नियमाने इथे एक कॉमा द्यायचा आणि मुख्य वाक्य सुरू करायचं. आमच्याकडे इथे चहा ठेवतात. तिच्याकडे आज भजन आहे, हे कळेपर्यंत भजन संपलेलं असतं.

आणि विरामचिन्हं तरी आपली कुठे? ती मेजर कँडींनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतून आणली. त्याआधीची मोडी म्हणजे हात न उचलता पळणारी लिपी, शब्दांमध्येही जागा नाही. होळकरांचा कारभार अशाच कागदांवर चालला आणि त्यासाठी कुणी ट्रेनिंग ठेवल्याचं ऐकिवात नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यात म्हणे आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. मला त्यातलं एवढंच खुपतं, की बदलाच्या मंजुरीचा ‘चेंज कंट्रोल’ फॉर्म भरला नव्हता.

तो मी भरला. बदलाचं स्वरूप: एक कॉमा. बदलाचं कारण: वाचताना ऑपरेटरची सफाई होते. (हे खोडून ‘स्पष्टतेसाठी’ लिहायला लावलं.) गुणवत्तेवर परिणाम: नाही. मी सुचवून पाहिलं, की वाक्यच फिरवू या, ‘द ऑपरेटर’ने सुरू करू आणि ‘बिफोर क्लीनिंग’ शेवटी टाकू, कॉमाच नको. साहेब म्हणाले, “कॉमा मायनरमध्ये बसतो. वाक्य फिरवलंत तर मेजर होईल, मग कमिटी.” वर त्यांनी अमेरिकेतल्या मेन राज्याचा दाखला दिला. तिथल्या दूधगाड्यांच्या ड्रायव्हरांचा ओव्हरटाइमचा दावा कायद्यात न घातलेल्या एका कॉमावर उभा राहिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तो कॉमा यादीतला होता, आपला वाक्याच्या तोंडचा, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण सह्या व्हायच्या होत्या.

सह्या झाल्या. रिव्हिजन नंबर वाढला, जुन्या प्रतींवर ‘ऑब्सोलीट’चा शिक्का बसला आणि नियमाप्रमाणे ऑपरेटरांना नव्या एसओपीचं ट्रेनिंग द्यायचं ठरलं. सगळे जमले. मी पडद्यावर वाक्य मोठं करून दाखवलं. मागच्या रांगेतला एक जुना ऑपरेटर बराच वेळ बघत होता.

“मैडम, बदला क्या है?”

मी लेझरने टिंब दाखवलं. त्याने डोळे बारीक केले.

“अच्छा, ये। तो अब मशीन बंद नहीं करनी?”

“करनी है। पहले जैसे ही।”

“पहले भी तो बंद ही करते थे।”

“हाँ भिया।”

त्याने सही केली. फॉर्मच्या शेवटी मला एक रकाना भरायचा असतो, ‘प्रशिक्षण परिणामकारक झाले का?’ मी ‘होय’ लिहिलं आणि प्रत तपासायला रेग्युलेटरीच्या मॅडमकडे पाठवली.