वांगं, तूरडाळ आणि 9,800 रुपये

गेल्या जानेवारीत माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या ताटातून गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे, अंडं, वांगं, टोमॅटो, मसूर आणि आणखी सहा गोष्टी हद्दपार झाल्या. कुणी सांगितलं? एका रिपोर्टने. एकदा रक्त द्यायचं, दोनशेच्या वर पदार्थ तपासून मिळणार, 9,800 रुपये. रिपोर्ट जाड कागदावर, पानापानांवर लाल-पिवळे-हिरवे पट्टे. लाल ते बंद. लॅब कुठली ते विचारू नका. ऑफिसातल्या दोघांनी हीच टेस्ट दोन वेगळ्या ठिकाणी केली आहे, आणि पट्टे तिकडेही असेच रंगीत आहेत.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. लेकीला सहा महिन्यांची असल्यापासून एक्झिमा. कोपराच्या आत आणि गुडघ्यामागे चट्टे, रात्री झोपेत खरखर खाजवण्याचा आवाज. शाळेत जायला लागली तशा सकाळच्या शिंका सुरू झाल्या. उठल्या उठल्या पंधरा-वीस, एकामागून एक. अशा वेळी माणूस कशावरही विश्वास ठेवतो. मी इंजिनिअर आहे, तरी ठेवला.

ती यादी फ्रिजवर लावली माझ्या आईने आणि चातुर्मासाच्या नेमासारखी पाळली. वांगं बंद झाल्याचं तर तिला मनापासून समाधान वाटलं, "मी सांगतच होते." डब्यात मुगाचं धिरडं, बटाटा, भात, तांदळाचे पापड. मग पुन्हा बटाटा. सात आठवडे हे चाललं. खाज होती तिथेच राहिली, शिंका होत्या तेवढ्याच राहिल्या. नवीन काय आलं, तर बद्धकोष्ठता. वजन दीड किलोने उतरलं. आणि वर्गातल्या वाढदिवसाला केक नाकारून आलेली मुलगी संध्याकाळी गप्प गप्प बसायची, ते वेगळंच.

मार्चमध्ये ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट चाळला आणि दोन प्रश्न विचारले. "तूरडाळ रोज खायची ना?" हो. "आणि ड्रॅगनफ्रूट?" नाही, कधीच नाही. "म्हणूनच तूरडाळ लाल आहे आणि ड्रॅगनफ्रूट हिरवं. अहो, हे आयजीजी नावाचं प्रतिद्रव्य आहे. शरीराने हा पदार्थ पाहिला आहे, एवढंच ते सांगतं. तुम्ही पैसे देऊन मुलगी घरी काय जेवते ते विचारून आलात."

ॲलर्जीत कामाला येणारं प्रतिद्रव्य वेगळं, आयजीई. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच लिहून ठेवलंय की अन्नाची ॲलर्जी ओळखायला आयजीजी तपासू नका. अमेरिकेतले तज्ज्ञही तेच म्हणतात. मग लेकीच्या हातावर थेंब ठेवून टोचण्याची साधी टेस्ट झाली. पंधरा मिनिटांत एकाच ठिकाणी डासाने चावल्यासारखी गांधी उठली, ती धुळीतल्या माइटची. हा डोळ्याला न दिसणारा, कोळ्याच्या जातकुळीतला जीव गादी-उशीत राहतो आणि आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. दमट हवा त्याला मानवते, आणि दमटपणात ठाण्याचा हात कोण धरणार? अन्नाच्या एकाही थेंबाला काही झालं नाही. वांगंसुद्धा निर्दोष सुटलं.

इथवर हा फसवणुकीचा नेहमीचा किस्सा झाला. मला पोस्ट लिहायला लावलं ते डॉक्टरांच्या पुढच्या वाक्याने. एक्झिमा असलेल्या मुलाला जे अन्न विनातक्रार पचतंय ते महिनोन् महिने तोडू नये, कारण तोडलं की शरीर ती ओळख विसरू शकतं, आणि पुन्हा सुरू करताना काही मुलांना तेव्हा खरी ॲलर्जी निघते. म्हणजे ज्या आजारासाठी मी पथ्य करत होतो तोच आजार पथ्याने ओढवू शकला असता! मला आजवर वाटायचं, पथ्याने फार तर फायदा होणार नाही, तोटा कसला?

घरी येऊन वाचायला बसलो आणि पहिलाच भेटला शेंगदाणा. 2000 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला होता की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. ऐकायला किती शहाणपणाचा! पुढे लंडनचे ॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या मुलांच्या दहापट आहे. मुलं एकाच समाजातली, फरक खाण्यातला. इस्रायलमध्ये दात यायच्या वयात बाळाच्या हातात बाम्बा नावाचे शेंगदाण्याचे कुरमुरीत पफ देतात. मग त्यांनी 640 बाळं घेतली, सगळी धोक्याच्या गटातली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत अजिबात नाही. 2015 मध्ये निकाल आला. ज्यांना दिला त्यांच्यात ॲलर्जी 80 टक्क्यांच्या आसपास कमी. सल्ला उलटा फिरवावा लागला.

लॅक यांची मांडणी अशी की फाटलेल्या, कोरड्या त्वचेतून आत आलेला शेंगदाणा शरीराला चोर वाटतो, तोंडावाटे आलेला पाहुणा वाटतो. आपल्याकडे साबुदाण्याच्या खिचडीपासून काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत सगळीकडे कूट, त्यामुळे पाहुण्याची ओळख लवकर होत असावी, असा माझा आपला अंदाज. (आता कुणी उठून सहा महिन्यांच्या बाळाला अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. बारीक कूट पेजेत कालवून. आणि बाळाला जोराचा एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.)

पण पोट ओळखतं कसं, पाहुणा कोण नि चोर कोण? इथे जिवाणू येतात. आपल्या शरीरात साधारण 38 लाख कोटी जिवाणू आहेत, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा थोडे जास्तच, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांचं जेवण म्हणजे आपल्याला न पचलेलं अन्न. ज्वारीचा कोंडा, डाळींची सालं, भाजीचा चोथा. ते आंबवून जिवाणू जी आम्लं तयार करतात त्यांतलं एक ब्युटिरेट. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. आणि 2013 च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की हेच ब्युटिरेट प्रतिकारशक्तीला शांत ठेवणाऱ्या 'टी-रेग' नावाच्या पेशी वाढवतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघांचं जुंपलं की एक काका उठून "अहो, बसा, बसा" म्हणतात ना? टी-रेग म्हणजे ते काका. ते नसले की पार्किंगवरून थेट पोलीस चौकी.

चोथा मिळाला नाही तर? आतड्याला आतून बुळबुळीत अस्तर असतं. 2016 मधल्या उंदरांवरच्याच प्रयोगात, तंतुमय अन्न बंद केल्यावर जिवाणू ते अस्तर कुरतडायला लागले. पोटातल्या भाडेकरूंना जेवण नाही, म्हणून ते भिंतीचं प्लॅस्टर खातायत. हे वाचताना मला ते सात आठवडे आठवले. गहू नाही, तूर नाही, मसूर नाही. बटाटा, पांढरा भात, पापड. लेकीच्या पोटातल्या भाडेकरूंना मी सात आठवडे उपाशी ठेवलं होतं. त्याने नेमकं काय बिघडलं ते मोजायला माझ्याकडे काही नाही, पण बद्धकोष्ठता डोळ्यांसमोर होती.

आता इथे थांबून स्वतःलाच आवरतो, कारण यापुढची उडी सगळे मारतात. "बघा, आपली जुनी पद्धतच बरोबर होती, आम्ही मातीत खेळलो, आम्हाला कुठे होत्या ॲलर्ज्या." मीही नौपाड्यात चाळीत वाढलो, दोन खोल्यांत सात माणसं. ब्रिटिश संशोधक डेव्हिड स्ट्रॅकन यांनी 1989 मध्ये 17,414 ब्रिटिश मुलांच्या माहितीवरून दाखवलं होतं की मोठी भावंडं जितकी जास्त तितका गवतज्वर (परागकणांच्या ॲलर्जीची शिंका-सर्दी) कमी. स्वच्छतेमुळे ॲलर्जी वाढते या कल्पनेचं मूळ तिथे आहे. पण त्याच चाळीत माझी मावशी रात्र रात्र उशीला टेकून बसायची, दम्याने. रॉकेलचा स्टोव्ह, कोंदट खोली, आणि "चारचौघांत पंप ओढायचा नाही" ही लाज. त्या काळी शेजारपाजारची तान्ही बाळं जुलाबाने जायची, ते आपण आठवणींतून सोयीस्कर गाळतो. नळाचं स्वच्छ पाणी आणि लस यांच्यावर माझा कसलाही राग नाही.

आणि सगळं खापर ताटावर फोडणाऱ्यांनी अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन समाज बघावेत. वंश जवळपास एक, खाणंपिणंही सारखंच. तरी 2016 च्या अभ्यासात आमिश मुलांत दमा 5.2 टक्के आणि हटराइट मुलांत 21.3 टक्के. फरक गोठ्याचा! आमिश घराशेजारी गाईगुरं पाळतात आणि मुलं त्यात वावरतात, हटराइटांची शेती यंत्रांवर. म्हणजे जिवाणू पोटातलेच नव्हे, घरातल्या धुळीतलेही महत्त्वाचे. घोडबंदरला धूळ भरपूर आहे, पण ती मेट्रोच्या कामाची आणि सिमेंटची. तिच्यात गाय नाही.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात 2000 ते 2014 या काळात तान्ह्या बाळांना दिली जाणारी अँटिबायोटिकं कमी झाली आणि चार वर्षांपर्यंतच्या मुलांतला नवा दमाही 26 टक्क्यांनी घटला. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी असं लगेच होत नाही. पण सर्दीला मेडिकलवाल्याकडून परस्पर स्ट्रिप आणणाऱ्या आम्हा लोकांना लाज वाटायला तेवढं पुरे.

मग प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंची औषधं? सिग्नलला थांबलो तरी होर्डिंगवर हेच. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, तुमच्या मुलीच्या तक्रारीवर उपयोग होईल असं मला वाटत नाही, पैसे जास्त झाले असतील तर घ्या. आंबवलेल्या अन्नाचं मात्र जरा बरं दिसतं. 2021 मध्ये स्टॅनफर्डने 36 निरोगी माणसांना दहा आठवडे दोन प्रकारचं खायला दिलं. दही-केफिरसारखं आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात दाह दाखवणारी 19 प्रथिनं कमी झाली. नुसता चोथा वाढवलेल्यांत विविधता तेवढ्या काळात वाढली नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे छापलं. पण ही माणसं धडधाकट होती, ॲलर्जीची नव्हे. आणि आपली इडली आंबवलेली असली तरी वाफवताना त्यातले जिवाणू मरतात. जिवंत हवे असतील तर घरचं दही, ताक. नाचणीची आंबील आंबवून वर शिजवली तर तिचंही इडलीसारखंच.

आमच्या घरी बदललं ते एवढंच. गादी-उशांना माइटची कव्हरं घातली, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात. नाकाचा स्प्रे रोज. तो ताकाने सुटत नाही, आणि ताक पिऊन पंप बंद करा सांगणाऱ्याला ब्लॉक करा. आंघोळीनंतर तीन मिनिटांत अंगाला मलम. जेवण मात्र उलट दिशेने फिरवलं, यादी कमी करायच्या ऐवजी वाढवायची. सालीची मूगडाळ, मटकी, चवळी, ज्वारी-बाजरी आलटून पालटून, थंड झालेला दहीभात (भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च पचायला चिवट होतो आणि खाली जिवाणूंना मिळतो). शिंका आता चार-पाचवर आल्यात. श्रेय मी गादीच्या कव्हराला आणि स्प्रेला देतो, मटकीला नाही. मटकीने बद्धकोष्ठता गेली, तिचं श्रेय तिला.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर रविवारी जांभळी नाक्याला गेलो. येऊरच्या नि शहापूरकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. लेकीने शेवळं कधी पाहिली नव्हती, "हे भाजी आहे की फूल?" दोन जुड्या घेतल्या. विकणारी मावशी म्हणाली, "काकडं घे बरोबर, नायतर खाजंल." शेवळांची खाज मारणारी ही छोटी फळं मी शहाणपणा करून वाटाभरच घेतली.

आईने हौसेने भाजी केली. दुसऱ्या घासाला लेक म्हणाली, "आजी, घसा खाजतोय." आईचा चेहरा पांढराफटक. "बघ! ॲलर्जी! मी म्हणत होते!" आणि उठून तडक फ्रिजकडे. यादी तिने चुंबकाखाली घडी घालून जपून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. मी लेकीचे ओठ पाहिले, जीभ पाहिली, अंगावर गांधी नाही, श्वास नीट. तेवढ्यात बायको खाकरली. मग मी. मग यादी हातात घेऊन उभी असलेली आईसुद्धा. शेवळांत बारीक सुयांसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात, काकडं कमी पडली की ते कुणालाच सोडत नाहीत.

"पुढच्या वेळी दोन वाटे आणा," बायको म्हणाली. लेक ताकाचा पेला रिकामा करून चट्ट्यावर नव्हे, गळ्यावरून खाजवत विचारत होती, उरलेली भाजी कुणी खाणार आहे का.