सुचतं सगळ्यांनाच, पसंत पडत नाही

'सध्या काही सुचतच नाहीये.' लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, चाली बांधणाऱ्या माणसांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी लगेच उलट विचारते, 'शेवटचं काय खोडलंस?' आणि जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर मिळतं. एक सुरुवात होती, पण जरा बाळबोध वाटली. एक कल्पना होती, पण तसं कुणीतरी आधीच केलंय. कविता अर्धी झाली होती, शेवट जमेना म्हणून फाडून टाकली. म्हणजे सुचलेलं असतं. बऱ्याचदा भरपूर सुचलेलं असतं. फक्त ते कागदावर उतरायच्या आधीच नापास झालेलं असतं.

हे सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण अशा अडलेपणावर जे उपाय सांगितले जातात ते बहुतेक 'आत काही उरलेलं नाही' असं धरून सांगितलेले असतात. भरपूर वाच, फिरून ये, जागा बदल, थोडे दिवस सोडून दे. त्यात वाईट काहीच नाही. पण ज्याच्या डोक्यात चार सुरुवाती तयार आहेत आणि एकही मनाला पटत नाहीये, त्याला आणखी चार पुस्तकं वाचून काय मिळणार? उलट जितकं उत्तम वाचावं तितकं स्वतःचं वाक्य पांगळं दिसायला लागतं. (थकवा, दुःख, आजारपण, नैराश्य यांमुळे हात थांबतो, ती गोष्ट वेगळी. तिथे विश्रांती हवी, उपचार हवेत, जवळची माणसं हवीत. मी त्याबद्दल बोलत नाहीये.)

कथा लिहिणारी एक तरुण मैत्रीण एकदा माझ्या शेजारी बसून लिहीत होती. तिने टाइप केलं, 'बाई खिडकीत उभी होती.' मग 'उभी होती'च्या जागी 'ताटकळली होती' केलं. तेही पुसलं, कारण ताटकळणं म्हटलं की कुणाची तरी वाट बघणं आलं, आणि ते तिला इतक्यात सांगायचं नव्हतं. मग 'बाई'ऐवजी नाव टाकलं. नाव बदललं. खिडकीला गज दिले, गज काढले. शेवटी अख्खं वाक्य पुसलं, हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, "ताई, आज काही होणार नाही."

तिचा एकेक बदल विचार करून केलेला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. चांगला संपादक शेवटच्या खर्ड्यावर नेमकं हेच करतो. फक्त इथे कथा अजून नव्हतीच. ती बाई खिडकीत का आली आहे हे लिहिणारीलाही माहीत नव्हतं, मग 'उभी' बरोबर की 'ताटकळली' बरोबर हे ठरणार कशावरून?

माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे. एखादं वाक्य चांगलं की वाईट, हे त्या एकट्या वाक्यावरून कळत नाही. ते पुढे काय येतं त्यावर ठरतं. चित्राच्या कोपऱ्यातला निळा भडक आहे की नेमका, हे शेजारी कुठला रंग बसतो त्यावर अवलंबून असतं. चालीतली एखादी जागा पहिल्यांदा ऐकताना ओबडधोबड वाटते आणि अंतरा बांधून झाल्यावर तीच जागा चालीचा जीव ठरते. म्हणून पहिल्याच फटक्यात निर्दोष हवं हा आग्रह मला नुसता कडक वाटत नाही, तो मुळात चुकीच्या वेळी केलेला वाटतो. निवाडा करायचा तर काहीतरी पुढ्यात हवं, आणि ते अजून तयारच झालेलं नसतं.

त्या दिवशी मी तिच्या स्क्रीनचा उजेड अगदी खाली आणला, इतका की अक्षरं दिसेनाशी झाली, आणि तिला दहा मिनिटं न थांबता टाइप करायला सांगितलं. ही युक्ती माझी नाही. लेखन शिकवणारे अमेरिकन प्राध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये 'फ्रीरायटिंग'ची पद्धत पुस्तकातून मांडली, तिचाच हा एक प्रकार. ठरलेला वेळ हात थांबवायचा नाही, मागे जाऊन वाचायचं नाही, खोडायचं नाही. काहीच सुचलं नाही तर 'सुचत नाही, सुचत नाही' असंच लिहीत राहायचं. उजेड पुन्हा वाढवला तेव्हा मजकूर चुकांनी भरलेला होता. मध्ये दोन ओळी नुसतं 'पुढे काय पुढे काय' होतं. आणि त्याच्या खाली होतं की बाईला खिडकी उघडायची होती, पण चौकटीला रंग देताना ती रंगानेच चिकटून बसली होती, आणि इतक्या वर्षांत घरात कुणाला ती उघडावीशीच वाटली नव्हती.

कथा तिथे होती! दहा मिनिटांपूर्वी ज्या वाक्यावर ती अडून बसली होती ते पुढे तिने ठेवलंही नाही.

आता थोडं या परफेक्शनच्या आग्रहाबद्दल. आपल्याकडे तो सहसा सद्गुण म्हणून सांगितला जातो. 'मला जरा सगळं परफेक्टच लागतं' हे वाक्य तक्रारीच्या सुरात म्हटलं तरी त्यात थोडा अभिमान असतोच. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या आग्रहाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि 'जगाला माझ्याकडून निर्दोषच काम हवंय' ही समजूत. हा तिसरा प्रकार मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यात काम चांगलं व्हावं ही ओढ कमी आणि कामावरून आपली किंमत केली जाईल ही धास्ती जास्त. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४० हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र करून पाहिली. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि सर्वांत जास्त वाढला होता हा तिसरा. मला याचं नवल वाटलं नाही. हल्ली प्रत्येकाचं पूर्ण झालेलं, घासूनपुसून लख्ख केलेलं काम दिवसभर आपल्या डोळ्यांसमोरून जात असतं. त्यांचे कच्चे खर्डे कुणी दाखवत नाही. आपल्याला मात्र स्वतःचे फक्त कच्चे खर्डेच दिसत असतात, आणि तुलना या दोहोंची होते.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. म्हणजे काय, कसंबसं करून टाकायचं? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात ना? येतच नाही. पण घाव घालायला आधी समोर दगड लागतो. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यांनी १९५८ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत सांगितलं होतं की 'अ फेअरवेल टू आर्म्स'चं शेवटचं पान त्यांनी ३९ वेळा पुन्हा लिहिलं. हा किस्सा परफेक्शनच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. मी तो नेमका उलट्या बाजूने वाचते. ३९ वेळा पुन्हा *लिहिलं*. ते मनातल्या मनात घोळवत बसले नाहीत. त्यांचे न जमलेले शेवटही कागदावर उतरलेले होते, इतके की २०१२ मध्ये त्या कादंबरीच्या आवृत्तीत ते वेगवेगळे शेवट छापता आले. कठोर तर ते होतेच, पण लिहून झाल्यावर.

जर्मन संगीतकार बीथोव्हेन यांचं उदाहरण मला त्याहून धीर देतं. 'फिडेलिओ' हा त्यांचा एकमेव ऑपेरा, म्हणजे संगीतनाटक. १८०५ मध्ये व्हिएन्नाच्या रंगमंचावर आला तेव्हा चालला नाही. १८०६ मध्ये काटछाट करून पुन्हा आणला. आणि १८१४ मध्ये, पुन्हा बरंच बदलून, तिसऱ्यांदा. तेव्हा कुठे त्याचं बस्तान बसलं. या एका ऑपेराच्या सुरुवातीला वाजवायचं वाद्यसंगीत, ज्याला ओव्हर्चर म्हणतात, त्यांनी चार वेळा नव्याने रचलं. जे आज आपण ऐकतो ते लोकांसमोर एकदा पडलेलं काम आहे. १८०५ साली ते 'अजून तयार नाही' म्हणून खणात ठेवून दिलं असतं, तर १८१४ मध्ये बदलायला त्यांच्या हाताशी काय असतं?

करणारा आणि तपासणारा हे आपल्या आत दोन वेगळे असतात, असं मला अनुभवाने वाटत आलंय. याला थोडा आधार देणारा एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चार्ल्स लिम्ब आणि ॲलन ब्राउन या संशोधकांनी जॅझ पियानोवादकांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून छोटा कीबोर्ड वाजवायला दिला. पाठ केलेलं वाजवताना आणि आयत्या वेळी सुचेल ते वाजवताना काय फरक दिसतो ते पाहिलं. उत्स्फूर्त वाजवताना, स्वतःवर लक्ष ठेवण्याशी आणि स्वतःला आवरण्याशी जोडला जाणारा मेंदूच्या पुढच्या बाजूचा एक भाग मंदावलेला आढळला. वादक फक्त सहा होते, त्यामुळे यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण हेही विसरू नये की ते सहाही जण कसलेले वादक होते. वर्षानुवर्षांच्या रियाजात तपासणाऱ्याने त्याचं काम केलेलंच होतं. वाजवायच्या वेळी तो बाजूला झाला, इतकंच.

म्हणून मी दर्जा सोडायला सांगत नाहीये. मला दर्जाची मनापासून चाड आहे आणि ढिसाळ काम मला सोसत नाही. मी फक्त एवढंच सांगतेय की कच्चं काम एकदा पुरतं होऊ द्या, मग वाटेल तेवढे कठोर व्हा.

प्रत्यक्षात हे कसं करायचं? माझ्यापुरतं सांगते. मी पहिला खर्डा हाताने लिहिते आणि दुरुस्त दुसऱ्या दिवशीच करते. त्याच दिवशी नाही, कितीही हात शिवशिवले तरी. अडलेल्या जागी रिकामा चौकोन काढून पुढे जाते: 'इथे दोघांचं भांडण', 'इथे बरा शब्द हवा'. हे चौकोन मला फार प्रिय आहेत. त्यांच्यामुळे एका शब्दापायी दुपार वाया जात नाही, आणि नंतर निम्मे चौकोन भरावेच लागत नाहीत, असं लक्षात येतं. चित्रकार मैत्रिणीची रीत वेगळी आहे. ती नव्या कॅनव्हासवर आधी फडक्याने मळकट रंगाचा हात फिरवते. पांढरा शुभ्र पृष्ठभाग समोर असला की तो खराब होईल ही भीती बोटांत उतरते, म्हणून ती तो स्वतःच आधी घालवते.

आणि मूड लागायची वाट बघू नका, हे कळकळीने सांगते. मूड बसल्यावर लागतो. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात विद्यापीठातल्या अध्यापकांच्या लेखनसवयींवर काम केलं. मनात येईल तेव्हाच लिहिणाऱ्यांपेक्षा ठरवून रोज लिहायला बसवलेल्या अध्यापकांचं लिखाण तर जास्त झालंच, पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. हे दुसरं मला फार मोलाचं वाटतं, कारण 'बळेबळे लिहिलेलं निर्जीवच होणार' हा समज आपल्यात घट्ट रुतलेला आहे.

राहता राहिला शेवटचा अडसर. काम पूर्ण होतं, पण कुणाला दाखवायचा धीर होत नाही. एक हात फिरवू, आणखी एक हात फिरवू, असं करत ते पडून राहतं. इथे मी एकच माणूस निवडते, ज्याला वाचायची आवड आहे आणि माझी भीड नाही. त्याला 'कसं वाटलं?' असं कधीही विचारत नाही. त्या प्रश्नाला लोक एकतर कौतुक करतात किंवा गुण देतात, आणि दोन्हींनी पुन्हा तीच धास्ती जागी होते. मी विचारते, 'वाचताना कुठे कंटाळलास, आणि कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं?' त्या दोन जागा कळल्या की हातात करण्यासारखं काम येतं, आणि बाकीचं मी जसं आहे तसं ठेवते.