पोहे गार होईपर्यंत

इंदुरात पोहे घरी करणं हा काही गुन्हा नाही, पण रविवारी सकाळी कुणी तसं करताना सापडलं तर शेजारी तब्येतीची चौकशी करून जातात. पोहे ठेल्यावरचेच खायचे. खाली पातेल्यात उकळतं पाणी, वर वाफेवर पोह्यांचा पिवळा डोंगर, त्यावर शेव, कांदा, जिरावन मसाला आणि लिंबू. तेही उभ्याउभ्या, हातातला कागद पोळतोय तोवर संपवायचे. मुदत पाच मिनिटांची. सहाव्या मिनिटाला पोहे संपतात आणि पुठ्ठा सुरू होतो.

हे सगळं कळत असूनही गेली अकरा वर्षं मी दर रविवारी पुठ्ठा खातोय, कारण पुडी घेऊन मला रामबागेत नानाकाकांकडे जावं लागतं. काकू त्या वेळेला देवळात असतात. जाताना हुकूम सोडून जातात, "त्यांना पोहे दे, जिलबीला हात लावू देऊ नकोस." नानाकाकांना साखरेचा त्रास आहे. त्याहून मोठा त्रास अन्यायाचा. स्वतःवरच्या नव्हे, सिनेमावाल्यांवरच्या.

मी चपला काढत असतानाच आतून प्रश्न येतो, "बोल, शोलेला काय मिळालं?"

"एक फिल्मफेअर. संकलनाचं. एम. एस. शिंदे."

"एक! आणि तेही मराठी माणसानं आणलं म्हणून. नाहीतर भोपळाच होता."

इथून पुढे पुडी सोडायला परवानगी नसते. १९७५ सालचा खटला रीतसर चालतो. गब्बरला काही मिळालं नाही. सहायक अभिनेत्याची फिल्मफेअरची बाहुली 'दीवार'साठी शशी कपूरला गेली. (मला विचाराल तर त्यानं चार शब्दांत बाजी मारली होती. पण रामबागेत हे बोलायचं नसतं.) बरं, 'दीवार' एवढा लाडका, तर त्यातल्या अमिताभला तरी द्याल की नाही? नाही! ती बाहुली 'आंधी'साठी संजीवकुमारला. नानाकाका खुर्चीच्या कडेला सरकतात. "म्हणजे बघ, अख्ख्या शोलेत ज्याला हात नव्हते, त्यानंच बाहुली उचलून नेली. आणि तीसुद्धा दुसऱ्याच सिनेमासाठी!"

हे वाक्य मी पाचशेच्या वर वेळा तरी ऐकलं असेल. पुडीच्या कागदावर तेव्हा तेलाचा पहिला ठिपका उमटलेला असतो.

एके दिवशी मी चाल केली. म्हटलं, "पण नानाकाका, त्या साली कथा, पटकथा, संवाद, तिन्ही बक्षिसं 'दीवार'साठी सलीम-जावेदना मिळाली. सलीम खान आपल्या इंदूरचे. मग आपण नक्की कुणाच्या बाजूनं?" नानाकाका गप्प झाले. मी घाईघाईनं पुडी सोडली, लिंबू पिळलं, पहिला घास तोंडाजवळ नेला.

"इंदूरचं काढलंस ना?" ते म्हणाले. "मग ठेव तो घास."

आणि लताबाई सुरू झाल्या. लताबाईंचा जन्म इथला, शीख मोहल्ल्यातला, १९२९ चा. 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं तेव्हा शंकर-जयकिशन त्यांना म्हणाले, सोहळ्यात गा. बाई म्हणाल्या, बक्षीस संगीताला आहे, गाणाऱ्याला नाही. मग नुसती वाद्यंच वाजवा की. नानाकाका इथं टाळी मागतात आणि आपला हात लिंबाच्या फोडीसकट द्यावा लागतो. पुढे १९५९ मध्ये पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू झालं आणि पहिलंच 'मधुमती'साठी बाईंना मिळालं. त्याच साली त्याच 'मधुमती'साठी जॉनी वॉकरनाही मिळालं, तेही इंदूरचेच. "भांडल्याशिवाय कुणी देत नाही," हे नानाकाका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणतात. बँकेतून निवृत्त होताना ते घड्याळ मिळालं होतं. मॅनेजरपद मात्र तीन वेळा दुसऱ्यांना मिळालं.

त्यामुळेच इंग्रजी सिनेमातला नट पीटर ओटूल त्यांना घरचा वाटतो. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'पासून ऑस्करची नामांकनं आठ, पुतळा शून्य. २००३ मध्ये मानद ऑस्कर द्यायला निघाले तर म्हणाला, मी अजून खेळात आहे, ऐंशीचा होईपर्यंत थांबा. शेवटी घेतलं, आणि नंतर पुन्हा नामांकन मिळवून पुन्हा हरला. नानाकाका म्हणतात, "जीवनगौरव म्हणजे काय रे? चुकलो, सॉरी, ही घ्या शाल."

मग प्राण. हे मात्र ते हळू आवाजात सांगतात. १९७३ मध्ये 'बेईमान'साठी प्राणना फिल्मफेअर जाहीर झालं. संगीताचं पारितोषिक 'पाकीजा'च्या गुलाम मोहम्मदना न देता 'बेईमान'लाच दिलं होतं. गुलाम मोहम्मद तर १९६८ मध्येच गेलेले. त्यांच्यासाठी प्राणनी आपलं बक्षीस नाकारलं. "ज्याच्यासाठी भांडला तो आभार मानायलाही उरला नव्हता," असं म्हणून नानाकाका छताकडे बघतात. मीही बघतो. दर वेळी. काय करणार, तेवढ्यापुरतं खरंच भरून येतं.

परवाच्या रविवारी मात्र पोह्यांना हात लावून बघितला, पार निवलेले. आणि माझा तोल गेला.

"एवढा न्याय कळतो तुम्हाला, तर १९९१ च्या गणेशोत्सवात काय झालं होतं?"

"काय झालं होतं?"

"एकांकिका स्पर्धा. मी प्रेत झालो होतो. पंचवीस मिनिटं तिरडीवर. नाकावर डास बसला, चावला, पोट भरून उडून गेला. मी हललो नाही. आणि अभिनयाचं बक्षीस पोस्टमनला! दोन वाक्यं होती त्याला. त्यातलं एक 'तार आहे'. परीक्षक तिघे होते. मधल्या खुर्चीवर कोण होतं?"

मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तू श्वास घेत होतास."

"म्हणजे?"

"पहिल्या रांगेतून पोट वरखाली होताना दिसत होतं. पोस्टमनचं तसं नव्हतं."

"अहो, पोस्टमन जिवंत होता!"

"तेच म्हणतोय. त्याला भूमिका समजली होती."

"पंचवीस मिनिटं श्वास न घेता कसं राहणार माणूस?"

"अरे, आपल्या 'श्वास'ला सुवर्णकमळ होतं, २००४ मध्ये भारताकडून ऑस्करला गेला होता. लोकांनी वर्गणी काढली त्याच्यासाठी. त्याला नाही घेतलं शेवटच्या पाचात. तुझ्या श्वासाला मी कुठून देऊ?"

याला उत्तर नव्हतं. मी तावातावानं उठून स्वयंपाकघरात गेलो, भांडंभर पाणी प्यायलो, परत आलो आणि जिलबीची पुडी उघडली. पाव किलो आणली होती. आत दीड जिलबी होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. काकू आल्या तेव्हा दृश्य असं होतं: पुडी माझ्या हातात, पाक माझ्या बोटांवर, आणि नानाकाका समोर हात मांडीवर ठेवून, नजर खाली घालून बसलेले. उपासाच्या दिवशी लग्नाच्या पंगतीत बसवलेल्या माणसाचा चेहरा. फक्त मिशीच्या उजव्या टोकाला एक नारिंगी थेंब वाळत होता, आणि ती बाजू भिंतीकडे होती.

"लाज नाही वाटत?" काकू मला म्हणाल्या. "त्यांच्यासमोर बसून खातोस?"

मी बोट दाखवायला हात उचलला. त्या बोटालाच सगळ्यात जास्त पाक होता.

"जाऊ दे गं, खाऊ दे त्याला," नानाकाका म्हणाले. आवाजाला हलकासा कंप, मध्ये नेमका अर्ध्या सेकंदाचा थांबा. "तू चहा टाक. माझा बिनसाखरेचाच."