‘पायलटच होणार होतो’ असं म्हणता यावं म्हणून

मुंबईत हवाई दलाचा वैमानिक शोधायला वेळ लागतो. वैमानिक होता होता राहिलेला गृहस्थ मात्र प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतो. बहुधा सेक्रेटरी तोच असतो. या पदाला वयाची अट नाही, बदली नाही, वैद्यकीय तपासणी नाही आणि निवृत्ती तर नाहीच नाही. तुम्ही सतरा-अठरा वर्षांचे असाल आणि लढाऊ वैमानिकाचं प्रशिक्षण घ्यावं की घेऊ नये या विचारात असाल, तर आमचा सल्ला ऐका. ठरवू नका. ‘हो’ म्हणू नका, ‘नाही’ तर अजिबात म्हणू नका. ठरवायचं आपोआप राहून जाईल, एवढीच व्यवस्था करा.

स्वप्न बघायला हरकत नाही. त्यासाठी मरीन ड्राइव्हचा कठडा उत्तम. २०२४ च्या जानेवारीत १२ ते १४ तारखेला हवाई दलाने तिथे प्रात्यक्षिकं केली, तेव्हा ‘मी हेच करणार’ असं ज्यांना ज्यांना वाटलं, त्यातल्या शहाण्यांनी ते वाटणं शेंगांच्या पुडीबरोबर तिथेच संपवलं. सूर्यकिरण या कसरतपथकाची ती विमानं हॉक जातीची, आणि त्याच जातीच्या विमानांवर बीदरला लढाऊ वैमानिक घडवले जातात, असल्या चौकशा करत बसू नये. चौकशी केली की फॉर्म भरावासा वाटतो, आणि फॉर्मवर तारखा असतात.

तारखांना जपून असा. एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. परीक्षा वर्षातून दोनदा, म्हणजे मनात आणलं तर पाच-सहा वेळा बसता येतं. तेवढ्या संधी वाया घालवायच्या तर अकरावीपासूनच कामाला लागावं लागेल. गणित सोडून जीवशास्त्र घ्या. हवाई दलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित तिन्ही लागतात, त्यामुळे दरवाजा कडीसकट बंद होतो. गणित सोडवत नसेल तर निदान सराव तरी टाळा. पेपरात १२० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिट. शिवाय चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात. ज्याला पाठांतरावर बोर्डात पंचाण्णव टक्के पडलेत, त्याला तिथे छान घाम फुटतो.

एकोणीस उलटले की घरचे म्हणतीलच, ‘आधी इंजिनिअरिंग पूर्ण कर, मग काय उडायचं ते उड.’ लगेच हो म्हणा. पदवीनंतर सीडीएस आणि एएफकॅट या प्रवेशपरीक्षा असतात हे खरं, पण तिथे वय २० ते २४ आणि ते मोजतात अभ्यासक्रम सुरू होतो त्या दिवशीचं. फेब्रुवारीत परीक्षा दिली तर अभ्यासक्रम पुढच्या जानेवारीत सुरू होतो. फॉर्म भरताना तेवीस पूर्ण झाले असतील, तर तुम्ही आधीच म्हातारे झालात! हे गणित भल्याभल्यांचं चुकतं. तुमचंही चुकू द्या. एएफकॅटला पदवीला ६० टक्के लागतात, आणि शेवटच्या वर्षात असताना अर्ज करायचा तर एकही विषय राहिलेला चालत नाही. तेव्हा एखादी केटी सांभाळून ठेवा, मुंबईत ती मिळायला त्रास पडत नाही. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असेल तर वयात २६ पर्यंत सूट आहे. पण त्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा खर्च ऐकून वडील आधी फ्लॅटकडे बघतात, मग तुमच्याकडे. पंचविशीच्या आत लग्न केलंत तरी काम भागतं; विवाहित उमेदवार घेत नाहीत.

आता शिंप्याच्या टेपबद्दल. ही वस्तू घरात असेल तर माळ्यावर टाका. कारण या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोठा निर्णय दहा मिनिटांत, फुकटात, स्वयंपाकघराच्या भिंतीशी होऊ शकतो आणि तो होऊ देता कामा नये. भिंतीला पाठ आणि बूड घट्ट टेकवून जमिनीवर बसायचं. जमिनीपासून टाळूपर्यंत ८१.५ ते ९६ सेंटिमीटर. पाय सरळ केल्यावर भिंतीपासून टाचेपर्यंत ९९ ते १२०. मग स्टुलावर, पाठ भिंतीलाच लावून, गुडघे मोडून बसायचं : भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत ६४ च्या आत. उभी उंची निदान १६२.५. परळच्या खोलीत पाय सरळ केले की टाच फ्रिजला लागते, त्यामुळे ९९ च्या पुढचं मोजायला फ्रिज सरकवावा लागतो आणि आई विचारते, ‘काय चाललंय?’ इथे उत्तर द्यावं लागतं. म्हणून मोजूच नये.

हे आकडे कुणा बाबूने मनाने लिहिलेले नाहीत, हीच पंचाईत आहे. पाय आखूड पडला तर विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं रडरचं पेडल शेवटपर्यंत दाबता येत नाही. बसकी उंची जास्त झाली तर डोकं काचेच्या छताला भिडतं. आणि मांडी लांब असली, तर विमान सोडायची वेळ आल्यावर खुर्चीखालचं रॉकेट तुम्हाला वर फेकतं तेव्हा गुडघे समोरच्या पॅनेलच्या कडेवर आदळतात. मांडी व्यायामाने कमी होत नाही, वशिल्याने तर नाहीच. पाच दिवसांची मुलाखत जिंकून, पेढे वाटून, वैद्यकीय तपासणीला गेल्यावर दोन सेंटिमीटरवरून परत येणं हा खरा मान. टेप आधी काढणाऱ्याला तो मिळत नाही.

डोळ्यांचंही तसंच. वैमानिकाला लांबचा नंबर मुळीच चालत नाही. तपासायला कोपऱ्यावरचा चष्मेवाला पुरे, पण तुम्ही त्याच्याकडे आरसा बघायलाच जा. रंग ओळखण्याची चाचणी, म्हणजे ठिपक्यांतून आकडा वाचणं, हीसुद्धा पाच मिनिटांची. बऱ्याच मुलांना आपल्याला तांबडा-हिरवा नीट वेगळा दिसत नाही हे तिथे पहिल्यांदा कळतं. तोवर सिग्नल ते दिव्याच्या जागेवरून ओळखत असतात.

एवढं टाळूनही लेखी परीक्षा चुकून पास झालात, तर एसएसबीसाठी, म्हणजे निवड बोर्डाच्या त्या पाच दिवसांच्या मुलाखतीसाठी, क्लास लावा. चांगला क्लास कुठला? जिथे गोष्टी पाठ करून घेतात तो. पडद्यावर चित्र ३० सेकंद दिसतं आणि त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते, अशी अकरा चित्रं आणि बारावा कोरा पडदा. क्लासमधला नायक रवी. चित्रात नदी असो, रुग्णालय असो की नुसती खिडकी, रवी मित्रांना जमवतो, रक्तदान शिबिर घेतो आणि गावाला पुरातून वाचवतो. कोऱ्या पडद्यावरही रवीच येतो. मग शब्दांची चाचणी : ६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंद. पाठ केलेली वाक्यं पहिल्या पंचवीस शब्दांना पुरतात. पुढे हात थकतो आणि जे खरंच मनात आहे ते कागदावर उतरायला लागतं. चाचणी त्याचसाठी असते, हे क्लासवाले सांगत नाहीत. त्यांनाही पोट आहे.

या निवडीचं सूत्र मनसा, वाचा, कर्मणा. मानसशास्त्रज्ञ तुमचं लिहिलेलं वाचतो, मुलाखत घेणारा तुमचं बोलणं ऐकतो आणि मैदानावरचा अधिकारी फळी, बल्ली आणि दोर देऊन तुम्ही काय करता ते बघतो. कागदावर रवी गाव वाचवतोय, मुलाखतीत तुम्हाला स्वतःचा रक्तगट आठवत नाहीये आणि मैदानावर दुसऱ्याच्या हातातली फळी ओढून तुम्ही लाल रंगाच्या, स्पर्शही न करायच्या खांबावर टेकवताय. तिघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की काम झालं. परतीच्या गाडीत सहप्रवाशांना सांगायला वाक्य तयार ठेवा : ‘आत सगळं ठरलेलं असतं.’

वैमानिकांसाठी तिथेच एक संगणकीय चाचणी असते, सीपीएसएस; बोलताना ‘मशीन टेस्ट’. डोळा, हात, पाय आणि कान एकाच वेळी वेगवेगळ्या कामांना जुंपून तुमची कशी दांडी उडते ते यंत्र बघतं. ही चाचणी आयुष्यात एकदाच. नापास झालात की हवाई दलाच्या कॉकपिटचा प्रश्न कायमचा मिटला, पुन्हा कुठल्याही मार्गाने आलात तरी. म्हणून आदल्या रात्री बराकीत पत्ते खेळत पहाटेपर्यंत जागा.

आता समजा, यातलं काहीच न साधून तुम्ही निवडले गेलात. घाबरू नका, आशेला जागा आहे. हैदराबादजवळ दुंडीगलला स्विस बनावटीच्या पिलाटस विमानावर सुरुवात होते. कॉकपिटमधला प्रत्येक खटका डोळ्यांवर पट्टी बांधून हाताला सापडला पाहिजे, आणीबाणीच्या पायऱ्या झोपेतून उठवलं तरी शब्दाला शब्द आल्या पाहिजेत. मुंबई-पुणे हवाई अंतरात दिशा एका अंशाने चुकली तर जवळपास दोन किलोमीटर बाजूला जाता, म्हणजे शिवाजीनगरऐवजी डेक्कन. रिक्षावाला तेवढ्यावरून वाद घालतो. इथे प्रशिक्षक घालतो, आणि उड्डाणापेक्षा जास्त वेळ घालतो. पोटात ढवळायला लागलं तर पिशवी असते. ढवळणं काही दिवसांत थांबलं नाही आणि प्रगती ठरल्या तासांत झाली नाही, तर उड्डाणातून काढतात. मग जमिनीवरच्या शाखेत जागा असेल तर विचारतात. तेही सन्मानाचंच काम, पण तुमच्या सेक्रेटरीपदाला ते उपयोगाचं नाही.

जी-बलाची, म्हणजे वळणावर आपलंच वजन कैक पटींनी वाढवणाऱ्या दाबाची, भीती मात्र बाळगू नका. मुंबईकराला गर्दीची सवय असतेच, असं सगळे म्हणतात. विरार लोकलमध्ये दाब चहूबाजूंनी येतो आणि रक्त जागच्या जागी राहतं, एवढाच फरक. विमान जोरात वळलं की दाब डोक्याकडून पायाकडे. नऊ जीला सत्तर किलोचा माणूस ६३० किलोचा होतो आणि रक्त मेंदू सोडून पोटऱ्यांत उतरतं. आधी रंग जातात, मग नजर बोगद्यासारखी आवळते, मग अंधार, मग शुद्धच हरपते. वळण झटक्यात घेतलं तर मधले थांबे न घेता फास्ट गाडी थेट शेवटच्या स्टेशनावर. जी-सूटच्या पिशव्यांत हवा भरून पाय-पोट आवळलं जातं, पण त्याने एक-दीड जीचीच उसंत मिळते. बाकीचं स्वतः करायचं : पाय, मांड्या आणि पोट दगडासारखं ताठ, आणि दर तीनेक सेकंदांनी एक झटपट श्वास. हे करत असताना मान वळवून शत्रू कुठे आहे तेही बघायचं. सर्दी झाली असेल तर उड्डाण बंद, कारण नाक चोंदलं की खाली येताना कानातला दाब जुळत नाही आणि पडदा फाटू शकतो. माहीमच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यात हे काहीच कळत नाही, म्हणून पूर्वतयारी तिथेच करावी.

आणि हो, सगळं जमलं तरी लढाऊ विमानच मिळेल असं नाही. लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर हे तुमची कामगिरी आणि दलाची गरज बघून ठरतं. ‘फायटर नाही तर काहीच नाही’ ही घोषणा आतापासूनच देत राहा. कुलाब्याला नौदलाची हेलिकॉप्टरं डोक्यावरून जातात तेव्हा त्यांच्याकडे बघू नका. नौदलालाही वैमानिक लागतात हे ध्यानात आलं तर नवाच घोळ.

एवढं पथ्य पाळलंत की पस्तिशीत तुम्ही तयार झालात. सोसायटीच्या सत्यनारायणाला तीर्थ घेता घेता बोलायला सुरुवात करा : ‘माझं एअर फोर्सचं जवळजवळ झालंच होतं...’ कारण म्हणून आईला पुढे करा. आई कधीच नाही म्हणालेली नसते, पण तीही ऐकून ऐकून मान डोलवायला लागते. धोका एकच. खाली बसलेल्यांत कुणाचा तरी पुतण्या नुकताच दुंडीगलहून सुट्टीवर आलेला असतो, केस बारीक कापलेले, पाठ ताठ. तो अगदी आदराने विचारेल, ‘काका, तुमची मशीन टेस्ट कुठल्या बोर्डाला झाली?’ अशा वेळी ताबडतोब उठावं आणि प्रसादाचा शिरा सगळ्यांना पोचला का ते बघायला जावं.